पोर्ट ऑगस्टाचे नळ : कोमट पाण्यातील अमीबाचा इतिहास

गेल्या काही वर्षांत केरळातून येणाऱ्या बातम्यांत ‘मेंदू खाणारा अमीबा’ हे शब्द वारंवार आढळू लागले आहेत. तळ्यात पोहून आलेल्या मुलाला ताप येतो, डोके असह्य दुखते, मान ताठ होते आणि आठवडा सरण्याच्या आत घर उजाड होते, असे या बातम्यांचे स्वरूप असते. त्या वाचून ज्यांच्या मनात धडकी भरली नाही असे पालक विरळाच. तथापि भीती आणि माहिती या दोन वेगळ्या वस्तू आहेत. या रोगाला लिखित इतिहास आहे. तो साठ वर्षांहून थोडा अधिक असला तरी पुरेसा बोलका आहे, आणि त्यात एका लहानशा गावाने या शत्रूला कसे दूर ठेवले याची हकीगतही आहे. ती हकीगत वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम अमीबा या नावाविषयी. आपल्या घरांतून हे नाव ठाऊक असते ते आवेमुळे. आव निर्माण करणारा अमीबा माणसाच्या आतड्यात वस्तीला असतो आणि दूषित अन्नपाण्यातून पोटात जातो. येथे ज्याचा विचार करावयाचा तो त्याचा दूरचा नातेवाईक. त्याला जगण्यासाठी माणसाची गरज नाही. तळ्याच्या गाळात, ओलसर मातीत, उन्हाने तापलेल्या पाण्यात तो जीवाणू खाऊन सुखेनैव राहतो. शास्त्रज्ञ अशा आदिजीवांना मुक्तजीवी म्हणतात. ऑस्ट्रियातील फ्रान्झ शार्डिंगर यांनी १८९९ मध्ये यांपैकी एकाचे वर्णन केले, तेव्हा त्यांना एका गोष्टीचे नवल वाटले होते. हा जीव एरवी अमीबाप्रमाणे सरपटतो. पण भोवतालची परिस्थिती पालटली की त्याला चाबकासारख्या दोन शेपट्या फुटतात आणि तो पोहू लागतो. दिवस फारच वाईट आले तर तो स्वतःभोवती कवच करून पुटीच्या रूपाने स्वस्थ पडून राहतो. १९१२ मध्ये या गटाला कुर्ट नेग्लर या संशोधकाच्या नावावरून नेग्लेरिया असे नाव मिळाले. पुढील जवळजवळ अर्धशतक हा जीव प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतील एक कुतूहलाचा विषय, यापलीकडे कोणी त्याकडे पाहिले नाही. तो निरुपद्रवी आहे, हे गृहीतच धरलेले होते.

या गृहीताला पहिला तडा गेला तो अमेरिकेत, आणि तोही पोलिओच्या लशीच्या निमित्ताने. इंडियानापोलिस येथील लिली कंपनीच्या प्रयोगशाळेत क्लाइड कल्बर्टसन हे लशीच्या सुरक्षिततेची तपासणी करीत होते. माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी काचपात्रात वाढवून ही तपासणी होत असे. १९५८ च्या सुमारास अशा एका पात्रातील पेशी मरू लागल्या. एखादा अज्ञात विषाणू शिरला असावा, असा साहजिकच संशय आला. ते द्रव उंदरांना आणि माकडांना टोचले असता ती जनावरे मेली. त्यांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा तेथे विषाणू नव्हता. अमीबांची दाटी होती. मातीत व पाण्यात मुक्तपणे राहणारा अॅकँथअमीबा हवेतून किंवा अन्य मार्गाने त्या पात्रात पडला होता. कल्बर्टसन यांनी पुढे उंदरांच्या नाकात या अमीबांचे थेंब सोडून पाहिले, तर टोचल्याविनाही ते मेंदूपर्यंत पोचले. जे उंदरात घडते ते माणसातही घडत असेल, कदाचित घडून गेलेही असेल, अशी शंका त्यांनी उघडपणे मांडली. ज्या रोगाचा एकही रुग्ण कोणी ओळखलेला नव्हता, त्याचे हे भाकीत होते.

ते खरे ठरण्यास फार काळ लागला नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातील अॅडलेड येथे मुलांच्या रुग्णालयात माल्कम फाउलर हे विकृतिशास्त्रज्ञ काम करीत. १९६१ पासूनच्या काही वर्षांत त्या प्रांतातील चार रुग्ण मेंदूच्या आवरणाचा तीव्र दाह होऊन दगावले. लक्षणे सगळी जीवाणूंमुळे होणाऱ्या दाहाची, पाठीच्या कण्यातून काढलेले पाणीही पुवाने गढूळ. परंतु त्यात जीवाणू काही केल्या सापडेनात. अशा वेळी ‘कारण अज्ञात’ असा शेरा मारून कागद बांधून ठेवणे हा जगभरचा सोपा रिवाज. फाउलर यांनी तसे केले नाही. मेंदूचे पातळ छेद त्यांनी पुनःपुन्हा पाहिले आणि पांढऱ्या पेशींच्या गर्दीत त्यांना वेगळ्याच, मोठ्या केंद्रकाच्या पेशी दिसल्या. त्या अमीबा होत्या. फाउलर आणि त्यांचे सहकारी रॉडनी कार्टर यांनी १९६५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे चार रुग्ण प्रसिद्ध केले. शीर्षकात त्यांनी ‘बहुधा अॅकँथअमीबामुळे’ असे म्हटले होते, कारण कल्बर्टसन यांचे काम त्यांच्यासमोर होते. पुढे उलगडा झाला की हा अमीबा नेग्लेरिया गटातला आहे. कार्टर यांनी १९७० मध्ये त्याला आपल्या सहकाऱ्याचे नाव दिले : नेग्लेरिया फाउलेरी.

येथे आपल्याकडच्या एका प्रयत्नाची नोंद करणे उचित होईल. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत बी. एन. सिंग हे मातीतील अमीबांच्या वर्गीकरणाचे जगन्मान्य अभ्यासक होते. त्यांनी आणि एस. आर. दास यांनी त्याच १९७० साली या रोगकारक जीवाचे वर्णन करून त्याला नेग्लेरिया एरोबिया असे नाव सुचविले. शास्त्राच्या नियमांनुसार कार्टर यांचे नाव टिकले. मात्र कल्बर्टसन यांच्या काचपात्रातील अॅकँथअमीबाला सिंग आणि दास यांनी दिलेले ‘कल्बर्टसोनी’ हे नाव आजही रूढ आहे. भविष्य वर्तविणाऱ्याचे नाव अशा रीतीने लखनौच्या अभ्यासकांकडून शास्त्रात कायम झाले.

अॅडलेडच्या पाठोपाठ १९६६ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातून सेसिल बट यांनी असेच रुग्ण कळविले. ते तेथील गोड्या पाण्याच्या तळ्यांत पोहलेले होते. ‘प्राथमिक अमीबाजन्य मस्तिष्कदाह’ अशा अर्थाचे रोगाचे नाव बट यांनीच प्रचारात आणले. झेकोस्लोव्हाकियात तर उस्ती नाड लाबेम या गावी १९६२ ते १९६५ या काळात एकाच बंदिस्त, गरम पाण्याच्या जलतरण तलावात पोहलेले सोळा तरुण मृत्यू पावल्याचे मागाहून उघडकीस आले. पाण्यात क्लोरीन घातले जात होते. पण भिंतीमागच्या पोकळीत, जेथे क्लोरीन पोचत नव्हते, तेथे अमीबाने घर केले होते. रोग माहीत झाल्यावर जुने कागद आणि जपून ठेवलेले छेद पुन्हा तपासले जाऊ लागले. अमेरिकेत रिचमंड येथे अशा तपासणीत १९३७ सालचा एक रुग्ण निघाला. म्हणजे रोग नवा नव्हता. अठ्ठावीस वर्षे तो काचपट्टीवर मांडलेला होता, पण त्याला नाव नव्हते, आणि नाव नाही म्हणून तो कोणास दिसत नव्हता.

रोग जडतो कसा, हेही या अभ्यासांतून स्पष्ट झाले. हे पाणी पोटात गेल्याने काही होत नाही. एका रुग्णापासून दुसऱ्यालाही हा रोग लागत नाही. बुडी मारताना, उडी घेताना किंवा अन्य कारणाने पाणी जोराने नाकात वर चढले, तरच धोका. नाकाच्या छताशी चाळणीसारखी छिद्रे असलेले एक पातळ हाड असते आणि त्या छिद्रांतून गंधाच्या तंत्रिका मेंदूकडे जातात. हा जीव त्याच वाटेने वर जातो. पाण्याशी संबंध आल्यापासून एक ते बारा दिवसांत लक्षणे सुरू होतात आणि त्यानंतर बहुधा पाचेक दिवसांत अंत होतो. उष्णता त्याला मानवते. सुमारे शेहेचाळीस अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यात तो वाढू शकतो. म्हणून उन्हाळा, उथळ पाणी आणि ढवळलेला गाळ ही त्याची अनुकूल स्थाने होत. इंग्लंडमधील बाथ येथील पुरातन रोमन स्नानकुंडाचे पाणी मुळातच उष्ण. १९७८ मध्ये तेथे पोहलेली एक मुलगी या रोगाने गेली आणि त्या कुंडातील स्नान कायमचे बंद झाले.

आता पोर्ट ऑगस्टाकडे वळू. स्पेन्सर आखाताच्या टोकाशी, कोरड्या वैराण प्रदेशाच्या उंबरठ्यावर हे गाव वसले आहे. तेथे पुरेसा पाऊस नाही आणि जवळ मोठी नदीही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, मरे नदीचे पाणी मॉर्गन येथून व्हायअॅला या पोलादाच्या गावापर्यंत नेणारी लोखंडी नळवाट पुरी झाली आणि तिचा लाभ पोर्ट ऑगस्टालाही मिळाला. ही नळवाट साडेतीनशे किलोमीटरांहून लांब आणि बहुतांशी जमिनीवरून, उघड्यावरून गेलेली. तहानलेल्या प्रदेशाला ती केवढे वरदान वाटली असेल, याची कल्पना आपण करू शकतो. पण ऑस्ट्रेलियाच्या उन्हाळ्यात त्या नळांतील पाणी वाटेतच तापे. मूळ ठिकाणी घातलेले क्लोरीन या लांबच्या, उष्ण प्रवासात उडून जाई. गावात पोचणारे पाणी स्वच्छ दिसे, पिण्यासही बाधक नसे. मात्र ते कोमट असे आणि त्यात क्लोरीनचा अंश उरलेला नसे. नेग्लेरियाला याहून अधिक काय हवे होते?

फ्लॉरिडातील रुग्ण तळ्यात पोहलेले होते. पोर्ट ऑगस्टाच्या परिसरात मात्र संशयाची सुई हळूहळू घरच्या नळाकडे वळू लागली. उकाड्याच्या दिवसांत मुले न्हाणीच्या टबात डुंबत, अंगणात रबरी नळीने एकमेकांवर पाणी उडवीत. १९७२ मध्ये अँडरसन आणि जेमिसन या अॅडलेडच्या संशोधकांनी त्या गावच्या घरगुती पाण्यातून रोगकारक नेग्लेरिया वेगळा करून दाखविला. शंकेला जागा उरली नाही. पाणीपुरवठा हे नागरी जीवनाचे भूषण. त्याच्याच आडून हा मृत्यू येत होता.

उपाय मात्र अगदी साधा निघाला. नळवाटेवर एकाच जागी भरपूर क्लोरीन ओतून भागणार नव्हते. वाटेत ठिकठिकाणी क्लोरीन घालण्याची केंद्रे उभारणे आणि शेवटच्या घराच्या तोटीपर्यंत त्याचा अंश उरतो की नाही, हे सतत मोजणे आवश्यक होते. तसे करण्यात आले. पुढे १९८० च्या दशकात क्लोरीनऐवजी अधिक काळ टिकणाऱ्या क्लोरामाइनचा वापर सुरू झाला. पाण्याचे नमुने नियमितपणे तपासण्याची पद्धत बसली. लोकांना पत्रके वाटून सांगण्यात आले की मुलांच्या नाकात पाणी जाऊ देऊ नका, टाक्या घासून रिकाम्या करा. १९८० च्या दशकाच्या आरंभी दक्षिण ऑस्ट्रेलियातील मृत्यूंची ही मालिका थांबली. या विजयाचा कोणी पुतळा उभारला नाही. तोटीखाली बाटली धरून रोजचा आकडा वहीत टिपणाऱ्या कर्मचाऱ्यांचे ते यश होते.

नळाला जो उपाय लागू पडतो तो तळ्याला पडत नाही, हे उघड आहे. विस्तीर्ण तळ्यात क्लोरीन घालता येत नाही, आणि घातले तर मासळीसह सारे जीवन मरेल. फ्लॉरिडातील तळ्यांची पाहणी १९७० च्या दशकात झाली, तेव्हा हा जीव तेथील पुष्कळ तळ्यांत आढळला. त्या पाण्यात दरवर्षी असंख्य लोक पोहत होते आणि रोग होणारे अगदी मोजके होते. अशा पाण्याशी संबंध आल्याच्या पंचवीस लाखांहून अधिक प्रसंगांत एक रुग्ण, असा अंदाज त्या संशोधकांनी केला. अमेरिकेत १९६२ ते २०२४ या काळात नोंदले गेलेले रुग्ण १६७ आहेत. एवढ्या मोठ्या देशात एवढ्या वर्षांत हा आकडा लहानच म्हटला पाहिजे. पण त्या १६७ पैकी वाचले केवळ चार. हा रोग दुर्मिळही आहे आणि निर्दयही आहे, ही दोन्ही वाक्ये एकत्र ध्यानात ठेवली तरच त्याचे खरे माप कळते. शिवाय त्याची सीमा सरकते आहे. २०१० मध्ये मिनेसोटासारख्या थंड उत्तरेकडील राज्यात तो प्रथमच आढळला. पाणी जसजसे तापेल तसतशी त्याची वस्ती पसरेल, ही चिंता निराधार नाही.

उपचारांच्या इतिहासातही भारताचा धागा गुंतला आहे. अॅम्फोटेरिसिन-बी या बुरशीनाशक औषधाने हा अमीबा मरतो, हे कार्टर यांनी १९६९ मध्येच दाखविले होते. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातील एक मुलगी या आणि अन्य औषधांनी बचावली. त्यानंतर अमेरिकेत दुसरा रुग्ण वाचण्यास २०१३ साल उजाडले. त्या वेळच्या औषधांत मिल्टेफोसिन हे एक होते. हे औषध काळा आजारासाठी पोटात घेण्याचे पहिले औषध म्हणून २००२ मध्ये भारतात मान्य झाले होते, आणि बिहारमधील रुग्णांवरील चाचण्यांनी त्याची उपयुक्तता सिद्ध केली होती. मुझफ्फरपूरकडच्या गरीब रुग्णांनी दिलेला पुरावा दूर अमेरिकेतील मुलांच्या कामी आला.

आपल्या उपखंडात हा रोग नवा नाही. कोलकात्यातील दोन मुलांची नोंद १९७१ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात झाली होती. एकेकाळी मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या कराचीत २००८-०९ च्या सुमारास सतरा महिन्यांत तेरा रुग्ण आढळले आणि त्यांतील एकालाच पोहण्याचे निमित्त झाले होते. बाकीच्यांच्या बाबतीत संशय नळाच्या पाण्यावर आणि वजूच्या वेळी नाकात घेतलेल्या पाण्यावर आला. पोर्ट ऑगस्टाचा धडा तेथे गिरवला गेला नव्हता. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ मध्ये दोन व्यक्ती नळाच्या पाण्याने नाक धुतल्यामुळे दगावल्या. त्यांनी वापरलेले भांडे आपल्या जलनेतीचेच होते. जलनेती करणाऱ्या आमच्या वाचकांनी हे विशेषत्वाने ध्यानात घ्यावे. क्रियेत दोष नाही. पाणी उकळून निववलेले, किंवा ऊर्ध्वपातित असावे, एवढीच अट आहे. कोमट केलेले पाणी म्हणजे उकळलेले पाणी नव्हे.

केरळात २०१६ मध्ये आलप्पुळा येथे पहिला रुग्ण ओळखला गेला. २०२४ मध्ये तेथे ३६ रुग्ण व ९ मृत्यू नोंदले गेले, आणि सप्टेंबर २०२५ च्या मध्यापर्यंतच त्या वर्षाचे रुग्ण सत्तरच्या घरात व मृत्यू एकोणीसवर गेले. २०२४ मध्ये नेग्लेरियाचा एक शाळकरी रुग्ण बरा होऊन घरी गेला. भारतातील ते पहिले उदाहरण मानले गेले. या आकड्यांचा अर्थ जपून लावला पाहिजे. यांतील सर्व रुग्ण नेग्लेरियाचे नाहीत, अॅकँथअमीबासारख्या अन्य मुक्तजीवी अमीबांचेही त्यांत आहेत. आणि मस्तिष्कदाहाच्या रुग्णांत अमीबाचा शोध आवर्जून घेतला जाऊ लागल्यामुळेही संख्या वाढलेली दिसते. जेथे कोणी पाहतच नाही तेथे रुग्ण शून्य असतात, हे रिचमंडच्या उदाहरणाने आपण पाहिलेच आहे. म्हणून केरळाचे आकडे वाचून अन्य प्रांतांनी आपण सुरक्षित आहोत असे समजू नये. केरळाने विहिरी व टाक्या क्लोरीनने शुद्ध करण्याची मोहीम हाती घेतली, हेच त्यातील अनुकरणीय आहे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्यांचा इतिहास पाण्याच्या इतिहासाशी जोडलेला आहे. अहिल्याबाईंनी देशभर घाट, कुंडे आणि विहिरी बांधल्या. सयाजीरावांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आजव्याच्या सरोवराचे पाणी नळाने बडोद्यात आले. त्या पिढीने पाणी आणले. आलेल्या पाण्याची देखरेख करणे हे पुढील पिढ्यांवर सोपविलेले काम होते. पुष्कळ ठिकाणी त्याच विहिरी आणि कुंडे आज गाळाने भरून उन्हात तापत पडली आहेत. भीतीपोटी त्या बुजवून टाकाव्यात, असे आम्ही म्हणणार नाही. वाहते, उपसलेले, स्वच्छ राखलेले पाणी आणि साचून तापलेले पाणी यांतील भेद आपल्या वाडवडिलांना ठाऊक होता. तो विसरू नये, एवढेच म्हणणे आहे.

व्यवहारात करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. भर उन्हाळ्यात उथळ, साचलेल्या पाण्यात मुलांना बुडी मारू देऊ नये. पोहणे झालेच तर डोके पाण्याबाहेर असावे किंवा नाकाला चिमटा असावा. तळाचा गाळ ढवळू नये. सार्वजनिक जलतरण तलावात क्लोरीन किती आहे हे विचारण्यास संकोच करू नये. गच्चीवरची टाकी वेळच्या वेळी धुवावी. आणि पाण्यात गेल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या, मानेचा ताठरपणा अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना ‘मूल अमुक पाण्यात पोहले होते’ हे न विचारता सांगावे. या रोगात एकेक तास मोलाचा असतो, आणि हे एक वाक्य तपासणीची दिशा ठरवू शकते.

फाउलर यांनी छेद पुन्हा पाहिले नसते, तर पोर्ट ऑगस्टाची मुले आणखी किती वर्षे ‘कारण अज्ञात’ या शेऱ्याखाली गेली असती कोण जाणे. आपल्या गावांतही मस्तिष्कदाहाने जाणाऱ्या मुलांच्या कागदांवर हा शेरा पडतो. त्यांच्या पाठीच्या कण्यातील पाणी अमीबासाठीही तपासले जावे, आणि नगरपालिकेच्या शेवटच्या तोटीतील क्लोरीन रोज मोजून त्याचा आकडा लोकांस पाहावयास मिळावा, या दोन मागण्या खर्चिक नाहीत. आपल्या संस्थांनी, मंडळांनी आणि वाचनालयांनी त्या आपापल्या ठिकाणी लावून धराव्यात, असे आम्ही सुचवितो.